परवानामुक्त राज्यातून आलेले पिस्तूल : लोवेलमधील दोन खटल्यांचा अभ्यास

मेरिमॅक नदी न्यू हॅम्पशायरमधून दक्षिणेकडे वाहत येते, मॅसॅच्युसेट्समध्ये शिरते आणि लोवेल या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरापाशी पूर्वेकडे वळते. याच दिशेने गाडीतून येणाऱ्या माणसाला राज्य बदलल्याचे कळते ते रस्त्याकडेच्या स्वागतफलकावरून. तिथे नाका नाही, चौकी नाही, कोणी गाडी थांबवत नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही आणि विक्रीकरही नाही, त्यामुळे घर तिथे आणि नोकरी मॅसॅच्युसेट्समध्ये असा संसार करणारी असंख्य कुटुंबे या पट्ट्यात राहतात, आणि त्यांत संगणक व्यवसायातली मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्या दृष्टीने ही सीमा रोजच्या कामाच्या वाटेवरची एक खूण आहे, त्याहून अधिक काही नाही.

न्यू हॅम्पशायरच्या दोन रहिवाशांच्या बाबतीत मात्र याच सीमेने सर्व काही ठरवले. एक नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि दुसरा २०२२ मध्ये लोवेलच्या परिसरात वाहन अपघातात सापडला, पोलीस आले आणि दोघांकडेही पिस्तूल आढळले. आपल्या राज्यात ते बाळगण्यासाठी दोघांनाही कोणताही परवाना लागत नव्हता आणि मॅसॅच्युसेट्सचा परवाना दोघांकडेही नव्हता. दोघांवर एकाच कलमाखाली आरोप ठेवले गेले आणि लोवेलच्याच जिल्हा न्यायालयात दोघांवरचे ते आरोप रद्द झाले. सरकार पक्षाने दोन्ही आदेशांविरुद्ध दाद मागितली, आणि मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एकाच दिवशी दोन निकाल दिले. पहिला चालक सुटला, दुसऱ्यावरचा खटला पुन्हा उभा राहिला. खटल्यांच्या शीर्षकांत त्यांची नावे आहेत, पण दोघेही खाजगी नागरिक असल्याने येथे त्यांना पहिला आणि दुसरा चालक असेच म्हटले आहे.

वरवर पाहता सारख्याच दिसणाऱ्या या दोन प्रकरणांत कायद्याने फरक का केला, हे समजले की अमेरिकेतील शस्त्र बाळगण्याच्या राज्य कायद्यांचा बराचसा गुंता सुटतो. म्हणूनच अभ्यासासाठी हे प्रकरण निवडले आहे.

घरच्या राज्याचा कायदा

आधी एका शब्दाचा खुलासा करावा लागेल. मराठीत ‘विनापरवाना’ म्हटले की गुन्हा घडला असाच अर्थ मनात येतो, मग ते बांधकाम असो, वाहन चालवणे असो की शस्त्र असो. येथे ज्या कायद्यांची चर्चा आहे त्यांत परवाना नसणे हा दोष नसतो, कारण परवान्याची अटच काढून टाकलेली असते. त्यामुळे अशा राज्यांना ‘परवानामुक्त’ म्हणणे अधिक योग्य ठरेल.

न्यू हॅम्पशायर या गटात २२ फेब्रुवारी २०१७ रोजी आले. त्या दिवशी गव्हर्नर ख्रिस सुनुनू यांनी संबंधित विधेयकावर सही केली. तशाच विधेयकांवर त्यांच्या आधीच्या गव्हर्नर मॅगी हॅसन यांनी २०१५ आणि २०१६ मध्ये नकाराधिकार वापरला होता. त्यापूर्वीचा नियम असा होता की, पिस्तूल कमरेच्या पट्ट्याला सर्वांना दिसेल असे लटकवले तर परवाना लागत नसे, पण त्यावर कोट घातला आणि ते झाकले गेले की परवाना लागे, आणि भरलेले पिस्तूल गाडीत ठेवण्यासाठीही तो लागे. थंडीमुळे कोट घालणारा सरळमार्गी माणूस गुन्हेगार का ठरावा, हा समर्थकांचा युक्तिवाद याच विसंगतीवर बेतलेला होता आणि तो पूर्णपणे निराधार नव्हता, असे मला वाटते. विरोधकांची, विशेषतः पोलीसप्रमुखांची, अडचण वेगळी होती. परवाना देताना स्थानिक पोलीसप्रमुखाला अर्जदाराची पात्रता तपासण्याची जी एक संधी मिळे, ती या बदलामुळे गेली.

परवानामुक्तीची ही वाट नवी नाही. व्हरमाँट राज्यात १९०३ मध्ये रटलँड शहराचा एक नियम न्यायालयासमोर आला होता. शहरात शस्त्र बाळगण्यासाठी महापौराची किंवा पोलीसप्रमुखाची लेखी परवानगी हवी, असे त्या नियमाचे म्हणणे होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यघटनेशी विसंगत ठरवला आणि तेव्हापासून व्हरमाँटमध्ये असा परवाना अस्तित्वातच नाही. त्यानंतर शंभर वर्षे हे राज्य जवळजवळ एकटेच होते. अलास्काने २००३ मध्ये, ॲरिझोनाने २०१० मध्ये आणि वायोमिंगने २०११ मध्ये तोच मार्ग धरला. पुढे वेग वाढत गेला. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, ओहायो, इंडियाना आणि जॉर्जिया येथे २०२२ मध्ये, फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून, तर साउथ कॅरोलिना आणि लुइझियाना येथे २०२४ मध्ये परवान्याची अट गेली. २०२४ च्या अखेरीस अशी राज्ये २९ झाली होती, म्हणजे निम्म्याहून अधिक.

या २९ राज्यांचा कायदा एकसारखा आहे असे मात्र समजू नये. टेक्सासच्या २०२१ च्या कायद्याने परवान्याशिवाय हातबंदूक बाळगण्यासाठी वय २१ ची अट घातली होती, तर इंडियानात १८ पुरते. वायोमिंगने पहिली १० वर्षे ही सवलत फक्त स्वतःच्या रहिवाशांना दिली होती, त्यामुळे शेजारच्या राज्यातून आलेल्या माणसाला २०२१ पर्यंत तिचा उपयोग नव्हता. मेनमध्ये परवाना नसलेल्या शस्त्रधारकाने पोलिसाशी गाठ पडताच, न विचारता, आपल्याकडे शस्त्र असल्याचे सांगणे बंधनकारक आहे, आणि तिथल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात जायचे तर परवाना लागतोच. टेक्सासमध्ये दुकानाच्या किंवा कार्यालयाच्या दारावरील सूचनाफलक वाचता यावे लागतात, कारण परवानाधारकाला रोखणारा फलक वेगळ्या कलमाचा आणि बिनपरवाना शस्त्रधारकाला रोखणारा वेगळ्या कलमाचा असतो. परवाना देण्यापूर्वी जो वर्ग घेतला जातो त्यात हे सर्व शिकवले जाते. परवान्याची अट गेली की तो वर्गही गळून पडतो आणि नियम मात्र तेवढेच राहतात. माझ्या मते या कायद्यांची खरी उणीव इथे आहे. मोकळीक देताना राज्याने शिकवण्याची आपली जबाबदारी सोडून दिली आणि समजून घेण्याचे सारे ओझे नागरिकावर टाकले.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. न्यू हॅम्पशायरने परवाना रद्द केला नाही, तो ऐच्छिक केला. रहिवाशाला तो आजही दहा डॉलरमध्ये मिळतो. परवाना लागत नाही असे म्हणणारे राज्य तो देत का राहते, याचे एक कारण राज्याच्या सीमेबाहेर आहे. इतर काही राज्ये न्यू हॅम्पशायरच्या परवान्याला मान्यता देतात, पण मान्यता द्यायला त्यांना काहीतरी कागद समोर लागतो. व्हरमाँटचा रहिवासी या बाबतीत सर्वांत अडचणीत आहे. ज्या राज्याने सर्वांत आधी मोकळीक दिली, तिथल्या माणसाकडे दुसऱ्या राज्यात दाखवायला काहीच नसते, आणि म्हणून अनेकजण परक्या राज्याचा अनिवासी परवाना काढून ठेवतात.

सीमेपलीकडचा कायदा

मॅसॅच्युसेट्सची शस्त्रांविषयीची परंपरा याच्या अगदी उलट दिशेची आहे. १९७४ मध्ये मंजूर होऊन १ एप्रिल १९७५ पासून लागू झालेला तिथला बार्टली-फॉक्स कायदा असे सांगत होता की, परवान्याशिवाय घराबाहेर हातबंदूक बाळगणाऱ्याला एक वर्षाचा तुरुंगवास झालाच पाहिजे. न्यायाधीशाला ती शिक्षा कमी करता येणार नाही, तहकूबही करता येणार नाही. पुढे ही किमान शिक्षा १८ महिन्यांवर गेली. रहिवाशाने परवान्यासाठी आपल्या गावच्या पोलीसप्रमुखाकडे जायचे, सुरक्षेचा वर्ग पूर्ण करायचा, बोटांचे ठसे द्यायचे. राज्याबाहेरच्या माणसासाठी वेगळे कलम आहे. त्याने राज्य पोलिसांकडे अर्ज करून तात्पुरता परवाना घ्यायचा, आणि या खटल्यांच्या काळात तो वर्षभरच टिकत असे. इतर राज्याचा परवाना दाखवून तिथे सर्वसाधारणपणे पिस्तूल बाळगता येत नाही.

म्हणजे न्यू हॅम्पशायरमध्ये ज्या वर्तनाची सरकारदरबारी नोंदही होत नाही, त्याच वर्तनासाठी काही मिनिटांच्या अंतरावर किमान दीड वर्षाचा कारावास आहे. आपल्याकडे महाराष्ट्रातून गोव्यात जाताना दारूच्या बाटलीचे नियम बदलतात याची आपल्याला सवय आहे. पण शस्त्र कायदा, १९५९ हा भारतभर एकच असल्याने दोन राज्यांमध्ये एवढी मोठी दरी असू शकते, याची कल्पना आपल्याला सहज येत नाही.

या दोन खटल्यांच्या मधोमध एक राष्ट्रीय घटना घडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात स्वसंरक्षणासाठी हातबंदूक ठेवण्याचा हक्क व्यक्तीचा हक्क म्हणून मान्य केला होता आणि २०१० मध्ये तो राज्यांवरही बंधनकारक ठरवला होता. घराबाहेरचा प्रश्न उरला होता. २३ जून २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या कायद्याविषयीच्या ब्रुएन निकालात न्यायालयाने तोही सोडवला. सार्वजनिक जागी स्वसंरक्षणासाठी हातबंदूक बाळगणे हा घटनात्मक हक्क आहे, आणि ‘तुम्हाला इतरांपेक्षा वेगळी, खास गरज आहे हे सिद्ध करा’ असे म्हणून अधिकाऱ्याने अर्ज नाकारणे घटनाबाह्य आहे, असे त्या निकालाने ठरवले. मात्र त्याच निकालाच्या एका तळटीपेत न्यायालयाने हेही नोंदवले की, पात्रतेच्या ठरावीक, वस्तुनिष्ठ अटी पूर्ण केल्या की परवाना द्यावाच लागतो अशी पद्धत ज्या ४३ राज्यांत आहे, तिच्यावर या निकालाने संशय घेतलेला नाही.

अनेकांनी ब्रुएनचा अर्थ ‘आता परवान्यांचा काळ संपला’ असा घेतला. तो चुकीचा आहे. निकालाने अधिकाऱ्याच्या मर्जीवर घाव घातला, परवान्यावर नव्हे. लोवेलच्या दोन चालकांचे भवितव्य नेमके याच भेदावर ठरले.

दोन निकाल

मॅसॅच्युसेट्सचे अनिवासी परवान्याचे कलम ऑगस्ट २०२२ पर्यंत असे लिहिलेले होते की, राज्य पोलीस असा परवाना ‘देऊ शकतात’. अटी पूर्ण करणाऱ्यालाही तो मिळेलच अशी हमी नव्हती. देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती होते. ब्रुएननंतर काही आठवड्यांतच विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि ‘देऊ शकतात’ च्या जागी ‘देतील’ असे बंधन आले. त्याबरोबरच, सार्वजनिक सुरक्षेला धोका ठरेल अशा व्यक्तीला परवाना नाकारण्याची तरतूद कायम ठेवली गेली.

पहिल्या चालकाचा अपघात नोव्हेंबर २०२१ मधला, म्हणजे जुन्या शब्दांच्या काळातला. न्यायालयाने म्हटले की ज्या कलमाखाली त्याने परवाना घेणे अपेक्षित होते, ते कलमच घटनेला धरून नव्हते, कारण हक्क बजावू द्यायचा की नाही हे त्यात अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवलेले होते. जो दरवाजा घटनाबाह्य आहे तो आधी ठोठावायला हवा होता, असे आरोपीला सांगता येत नाही. म्हणून त्याने कधी अर्ज केला नव्हता ही गोष्ट त्याच्या विरोधात गेली नाही. त्याच्यावरील आरोप रद्द करण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश कायम झाला.

दुसऱ्या चालकाची घटना दुरुस्तीनंतरची होती. त्याने मांडलेले मुद्दे विचार करायला लावणारे आहेत आणि ते सीमेवर राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनातले आहेत. शस्त्र बाळगण्याचा हक्क जर राष्ट्रीय घटनेने दिला आहे, तर तो राज्याच्या सीमेवर का अडावा? माझ्या राज्यात मी कायद्याचे पालन करणारा नागरिक असेन, तर शेजारच्या राज्यात पाऊल टाकताच नव्याने परवानगी मागायला लावणे म्हणजे मुक्त प्रवासाच्या हक्कावर बंधन नाही का? रहिवाशाला अनेक वर्षांचा परवाना आणि बाहेरच्याला एकाच वर्षाचा, हा भेदभाव नाही का?

न्यायालयाने हे तिन्ही युक्तिवाद फेटाळले. प्रवासाचा हक्क म्हणजे आपल्या राज्याचा कायदा गाठोड्यात बांधून सोबत नेण्याचा हक्क नव्हे. दुसऱ्या राज्यात आलेल्या पाहुण्याला तिथल्या रहिवाशांप्रमाणेच तिथल्या कायद्याच्या चौकटीत वागावे लागते, असा त्या निकालाचा आशय आहे. परवान्याची पद्धत वस्तुनिष्ठ अटींवर चालत असेल आणि धोकादायक व्यक्तीला शस्त्रापासून दूर ठेवणे एवढाच तिचा हेतू असेल, तर ती ब्रुएनच्या चौकटीत बसते, असे न्यायालयाने ठरवले. आणखी एक मुद्दा वकिलांनी नीट पाहण्यासारखा आहे. या चालकाने परवान्यासाठी अर्जच केला नव्हता. त्यामुळे ‘मला परवाना चुकीने नाकारला गेला’, ‘मला फार वाट पाहावी लागली’, ‘शुल्क मला परवडणारे नव्हते’ अशी स्वतःच्या अनुभवावर आधारलेली तक्रार त्याला करता आली नाही. संपूर्ण कायदाच घटनाबाह्य आहे, एवढेच म्हणण्याची वाट त्याच्यापुढे उरली होती आणि ती वाट सर्वांत अवघड असते. त्याच्यावरील आरोप रद्द करणारा आदेश उलटवला गेला.

माझे मत विचाराल तर कायद्याच्या तर्काने दोन्ही निकाल बरोबर आहेत, आणि तरीही दुसऱ्या चालकाविषयी मला खरी सहानुभूती वाटते. दोघांच्या वर्तनात येथे विचारात घेतलेल्या मुद्द्यापुरता काहीच फरक नव्हता. फरक होता तो त्यांच्या दोन अपघातांच्या दरम्यान विधिमंडळाने बदललेल्या शब्दांचा. आणि गंमत नव्हे, दुःखाची बाब अशी की, दुरुस्तीने परवाना मिळवणे सोपे केले म्हणूनच तो न घेणे शिक्षापात्र ठरले.

डेलावेअर नदीपलीकडचे जुने प्रकरण

लोवेलच्या चालकांकडे कोणताच परवाना नव्हता. पण परवाना असता तरी काय झाले असते, हे पाहण्यासाठी न्यू जर्सीतील एक जुने प्रकरण उपयोगी आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेली. दोनदा लुटले गेल्यानंतर तिने पिस्तूल विकत घेतले होते आणि पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना काढला होता. चुकीच्या पद्धतीने मार्गिका बदलल्यावरून पोलिसाने गाडी थांबवली, तेव्हा तिने स्वतःहून सांगितले की गाडीत पिस्तूल आहे आणि परवानाही आहे. न्यू जर्सी कोणत्याही दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाही. तिला अटक झाली, आणि राज्याच्या ग्रेव्ह्ज कायद्यामुळे दोषी ठरल्यास तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगातून सुटण्याची शक्यताच नव्हती.

ॲटलांटिक काउंटीच्या सरकारी वकिलांनी तिला प्रथम प्रीट्रायल इंटरव्हेन्शन, म्हणजे खटला न चालवता देखरेखीखाली ठेवण्याची सवलत, नाकारली. त्याच कार्यालयाने २०१४ मध्ये, जोडीदाराला मारहाण केल्याचा आरोप असलेल्या एका प्रसिद्ध फुटबॉलपटूला ती सवलत दिली होती. लोकांचा संताप झाला आणि तो योग्यच होता. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यू जर्सीच्या प्रभारी ॲटर्नी जनरलनी राज्यभरातील सरकारी वकिलांना नवा खुलासा पाठवला: ज्या राज्यात असे शस्त्र बाळगणे कायदेशीर आहे तिथून आलेल्या व्यक्तीने ते स्वतःहून उघड केले असेल, इतरांना त्यापासून धोका झाला नसेल आणि कायद्याविषयी खरोखर गैरसमज असेल, तर तुरुंगवासाचा आग्रह बहुधा योग्य ठरणार नाही. तिला सवलत मिळाली आणि २ एप्रिल २०१५ रोजी गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला पूर्ण माफी दिली.

कायदा मात्र बदलला नाही. तिला वाचवले ते प्रसिद्धीने, एका परिपत्रकाने आणि राज्यप्रमुखाच्या दयेने. या तिन्ही गोष्टी पुढच्या माणसाच्या वाट्याला येतीलच असे नाही.

संघराज्याचा कायदा कुठे मदत करतो, कुठे नाही

राज्यांच्या या तुकड्यातुकड्यांच्या नकाशातून प्रवास करणाऱ्यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये एक संरक्षण दिले आहे. निघण्याच्या ठिकाणी आणि पोहोचण्याच्या ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते नेता येते. मात्र शस्त्र रिकामे हवे, आणि शस्त्र व गोळ्या दोन्ही हाताशी येणार नाहीत अशा, म्हणजे डिकीत, हव्यात. डिकी नसलेल्या गाडीत त्या कुलूपबंद पेटीत हव्यात आणि ग्लव्ह बॉक्स ती पेटी म्हणून चालत नाही. लोवेलमध्ये कामाला येणाऱ्याला या तरतुदीचा उपयोग नाही, कारण त्याचा मुक्कामच मॅसॅच्युसेट्समध्ये आहे आणि तो तिथून नुसता पुढे जात नाही.

याउलट एक संघीय कायदा परवानामुक्त राज्यातल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या गावातही अडचणीत आणू शकतो. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. १९९० चा मूळ कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला होता, पण १९९६ मध्ये तो दुरुस्त रूपात पुन्हा आला. त्यात एक अपवाद आहे: ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने पात्रता तपासून परवाना दिलेला असावा. परवानामुक्त राज्यात ज्याने ऐच्छिक परवाना काढलाच नाही, त्याला हा अपवाद लागू होत नाही. गाडीत कुलूपबंद ठेवलेल्या रिकाम्या शस्त्राला आणि खाजगी मालमत्तेला सूट आहे, पण भरलेले पिस्तूल कमरेला लावून शाळेसमोरच्या रस्त्याने जाणाऱ्याला नाही. दाट वस्तीच्या शहरात शाळांभोवतीची ही वर्तुळे टाळून गाडी चालवणे किती कठीण आहे, हे नकाशावर पाहिले की लक्षात येते. असे खटले क्वचित उभे राहतात, पण ‘माझ्या राज्यात काहीच लागत नाही’ हे वाक्य पूर्ण खरे नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

मराठी वाचकासाठी वेगळा विचार

न्यू हॅम्पशायर, टेक्सास, जॉर्जिया किंवा ओहायोत राहणाऱ्या मराठी माणसासाठी राज्य कायद्याच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि तो मी मुद्दाम ठळकपणे मांडतो आहे, कारण त्यातल्या चुकीची किंमत फार मोठी आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या स्थलांतरितेतर व्हिसावर प्रवेश मिळालेल्या व्यक्तीला शस्त्र किंवा गोळ्या बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत. राज्य परवानामुक्त आहे म्हणून ही मनाई उठत नाही, आणि तिच्या उल्लंघनासाठी १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. सहकाऱ्यांबरोबर शनिवारी सकाळी सरावाच्या रेंजवर जाऊन भाड्याचे पिस्तूल हाती घेणे, हेदेखील ‘बाळगणे’ ठरू शकते. आमंत्रण देणाऱ्या अमेरिकी मित्राला बहुधा हे ठाऊक नसते, आणि ते आपणच त्याला सांगायचे असते.

ग्रीन कार्डधारकाला शस्त्र बाळगता येते, पण त्याच्यासाठी लोवेलसारख्या प्रकरणाचा अर्थ नागरिकापेक्षा कितीतरी कठोर आहे. शस्त्र बेकायदा बाळगल्याबद्दल दोषी ठरणे हे अमेरिकी स्थलांतर कायद्यात देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे. न्यू हॅम्पशायरच्या नॅशुआ शहरात राहून मॅसॅच्युसेट्सला कामाला जाणारा नागरिक चुकला तर त्याला तुरुंगवास भोगावा लागेल. ग्रीन कार्डधारक चुकला तर तुरुंगवासानंतर घर, नोकरी आणि मुलांची शाळा सोडून मायदेशाची वाट धरावी लागेल.

आणि परतीच्या विमानातही ही गोष्ट संपत नाही. रेंजवर वापरलेल्या पिशवीच्या कप्प्यात राहून गेलेले एखादे काडतूस भारतातल्या विमानतळावर क्ष-किरण तपासणीत दिसते आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. बाळगणे हे जाणीवपूर्वक असावे लागते, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटले असल्याने अशा प्रकरणांत उच्च न्यायालयांकडून दिलासा मिळतो, पण त्याआधी पोलीस ठाणे, वकील आणि बुडालेली सुट्टी हे सर्व पदरी येते. अमेरिकेत पिस्तूल बाळगणाऱ्याने प्रवासाची पिशवी आणि रेंजची पिशवी कायम वेगळी ठेवावी.

आजची स्थिती

राज्यांची ही सीमा पुसण्याचा प्रयत्न काँग्रेसमध्ये झाला आहे. एका राज्यात शस्त्र बाळगण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला, मग ती परवानामुक्त राज्याची रहिवासी का असेना, इतर राज्यांतही तो हक्क मिळावा, असे विधेयक प्रतिनिधीगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केले होते. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. समर्थक याची तुलना वाहनचालक परवान्याशी करतात. पण वाहनचालक परवाना इतर राज्ये मानतात, कारण प्रत्येक राज्य परीक्षा घेऊनच तो देते. परीक्षाच नसलेल्या राज्याचा शब्द दुसऱ्या राज्याने कशाच्या आधारावर मानावा, याचे समाधानकारक उत्तर मला त्या चर्चेत मिळालेले नाही.

तोपर्यंत न्यू हॅम्पशायरच्या रहिवाशापुढे तीनच वाटा आहेत: मॅसॅच्युसेट्सचा अनिवासी परवाना काढून तो मुदतीत नवा करत राहणे, पिस्तूल घरी कुलपात ठेवून कामाला जाणे, किंवा जोखीम पत्करणे. दुसऱ्या चालकाचे प्रकरण लोवेलच्या न्यायालयात परत पाठवले गेले, आणि ज्या कलमाखाली ते चालायचे त्यातली किमान शिक्षा १८ महिन्यांचीच आहे.